रानात पडून राहिलेली डिझेल जीप: सुरू होते, बंद पडते, सकाळी पुन्हा हवा घेते

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरीकडच्या वाड्यांवर शेताच्या कडेला किंवा पडक्या गोठ्यात अजूनही जुन्या महिंद्राच्या फोर व्हील जीपा उभ्या दिसतात. एमएम ५४०, कमांडर, एखादी आणखी जुनी. कधीकाळी त्या काळी-पिवळी म्हणून धावल्या किंवा बागेतली कामं करत होत्या. मग मालक थकला, मुलं शहरात गेली आणि गाडी आहे तिथेच राहिली. आता कोणीतरी ती पुन्हा उभी करायला घेतं, बॅटरी टाकतं, ट्रॅक्टरने ओढतं. गाडी सुरू होते, दोन मिनिटांनी बंद पडते. डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढली की पुन्हा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच.

मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावा लागलेला बिघाड हाच. बहुतेक वेळा त्याचं मूळ टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढीच्या नळीत असतं. तरीही लोक आधी दाबाने डिझेल देणारा मोठा पंप उतरवतात, सिलिंडरमध्ये ते फवारणारे नोझल बदलतात आणि हजारो रुपये घालवतात. म्हणून सोप्यापासून अवघडाकडे, माझ्या तपासणीच्या क्रमानेच लिहितो.

लक्षणं

यातली एक-दोन जरी जुळली, तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- सेल्फ चांगला फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही.
- हवा काढल्यावर सुरू होते, रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा हवा काढावी लागते.
- जागेवर चालते, रेस दिली की दम टाकते.
- पाच-दहा मिनिटं नीट चालून हळूहळू मरते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा उठते.
- सपाटीला ठीक, चढाला बंद. तेही टाकी अर्ध्याच्या खाली असताना.

इंजिन मुळात फिरतच नसेल, किंवा फिरताना पांढरा धूर भरपूर येऊनही पेट घेत नसेल, तर तो वेगळा प्रश्न. त्यावर शेवटी थोडं लिहिलंय.

चावी फिरवायच्या आधी

बॉनेट काठीने उघडा, हाताने नाही. सीटखाली, एअर क्लीनरमध्ये, बॅटरीच्या खोक्यात उंदरांची घरटी असतात आणि उंदीर तिथे साप. घोणस आणि मण्यार या पट्ट्यात भरपूर आहेत. गांधीलमाश्यांचं पोळंही बघून घ्या. कोणाला साप चावलाच तर सगळं तिथेच टाकून त्याला सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या, वाटेत कुठेही थांबू नका.

मग ऑईलची पट्टी काढा. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पातळी खुणेच्या वर असून ऑईल पातळ वाटतंय, डिझेलचा वास येतोय, तर डिझेल खाली उतरलंय. दोन्ही वेळा सेल्फ मारायचा नाही. डिझेलमिश्रित ऑईलवर इंजिन स्वतःचंच ऑईल जाळत ताब्याबाहेर पळू शकतं.

त्यानंतर इंजिन हाताने फिरवून बघा. हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) असतील तर ते काढा, नसतील तर नोझल काढा, आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून दोन पूर्ण फेरे द्या. इथे घाई करू नका. कमी-जास्त पाऊस वर्षानुवर्षं सायलेन्सरमधून किंवा फाटलेल्या एअर क्लीनरमधून आत गेला असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं. पाणी दबत नाही. अशा इंजिनाला सेल्फ मारला किंवा ट्रॅक्टरने ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही शे रुपयांचं काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जातं. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर उडू द्या, म्हणजे तुम्ही वाचलात.

फेरा बसलाच नाही तर प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑईल अर्धं-अर्धं मिसळून थोडं ओता आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग पाना पुढे-मागे हलवत अलगद सोडवा. लांब पाइप लावून जोर करू नका.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात इंजिन बंद करायच्या वायरीपासून. जुन्या जीपला डॅशबोर्डवर ओढायचा गोळा असतो, तो पंपावरचा छोटा दांडा खेचून डिझेल तोडतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही वायर गंजून ओढलेल्या अवस्थेतच अडकते. गोळा आत ढकललेला दिसतो, पण पंपावरचा दांडा बंदच राहतो. एकाला आत बसवून दुसऱ्याने दांडा प्रत्यक्ष हलतो का ते बघायचं. ज्या पंपाला वायरीऐवजी सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) आहे, तिथे चावी फिरवल्यावर टक् असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर त्या टोकाला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज येतंय का ते मीटरने बघा. पंप उतरवण्याआधी ही एक गोष्ट पाहिली तरी कित्येकांचे पैसे वाचतील.

दुसरी गोष्ट टाकीचं झाकण. झाकणाला श्वासाचं बारीक छिद्र असतं, चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने ते बुजतं. डिझेल ओढलं जातं, आत हवा जात नाही, टाकीत ओढ तयार होते आणि इंजिन पाच-दहा मिनिटांत उपाशी मरतं. बंद पडताक्षणी झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला तर दोष सापडला. छिद्र तारेने मोकळं करा.

तिसरी गोष्ट धूर. एकजण सेल्फ मारताना दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. धूर मुळीच नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पेट नाही, म्हणजे डिझेल येतंय आणि जळत नाही. तेव्हा हीटर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा टायमिंगकडे (डिझेल फवारायची वेळ) वळायचं. एवढ्या एका पाहणीने अर्धी गाडी तपासून होते.

बॅटरी आणि अर्थ

डिझेल इंजिनाला ठराविक वेगाने फिरणं लागतं, नाहीतर हवा पुरेशी तापत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरत असेल तर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची लोखंडाशी जोडणी) बघा. सेल्फ फिरत असताना मीटरची एक टोकदांडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. पट्टी सोडवून दोन्ही टोकं आणि खालचं लोखंड घासून चमकवा. रंगावर बसवलेली अर्थ म्हणजे नसल्यासारखीच.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

टाकीतलं डिझेल

खालचा प्लग सोडून एक लिटर डिझेल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी तळाला बसतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आणि आतल्या भिंतींना दव धरतं. असे कित्येक पावसाळे गेले की तळाला पाण्याचा थर साचतो आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात सूक्ष्मजीव वाढतात. हात घातलात तर काळा-तपकिरी, चिकट, जेलीसारखा गाळ लागतो. त्याला कुबट आंबूस वास येतो. हाच गाळ टाकीतल्या जाळीवर बसतो.

असा गाळ असेल तर टाकी उतरवून धुवा, त्यावर नवीन डिझेल ओतू नका. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळे पाणी आत गेलं की तो आतून गंजतो. ओळीत चार प्लंजर असलेल्या जुन्या लायनीच्या पंपाला खालून ऑईल मिळतं, म्हणून तो थोडं सहन करतो, पण त्याचे प्लंजरही पाण्याने अडकतात. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते स्वतः करू नका. रिकामी वाटणारी टाकी वाफेने भरलेली असते.

डब्याची चाचणी

सगळ्या तपासण्यांमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी ही. याला पाच लिटरचा स्वच्छ डबा, दोन मीटर नवी पारदर्शक डिझेलची नळी आणि दोन क्लिप एवढंच लागतं.

फीड पंपाला येणारी टाकीची नळी सोडा. तिथे नवी नळी लावा, डबा पंपापेक्षा उंच, बॉनेटच्या बाजूला बांधा. रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) नळीही डब्यातच सोडा, नाहीतर डबा लवकर रिकामा होईल. हवा काढा आणि इंजिन सुरू करा.

इंजिन अर्धा तास न अडखळता चाललं तर पंप, नोझल, फिल्टर बहुतेक ठीक आहेत आणि दोष डब्याच्या जागी असलेल्या गोष्टींत, म्हणजे टाकी आणि मागच्या नळीत. डबा उंच असल्याने एक फायदाही होतो. आता डिझेल ओढलं जात नाही, दाबाने येतं, त्यामुळे पुढच्या भागात चीर असेल तर तिथून डिझेल बाहेर टपकतं आणि डोळ्याला दिसतं.

मग डबा खाली जमिनीवर ठेवा आणि रात्रभर तसाच सोडा. सकाळी पहिल्या झटक्यात उठली तर फीड पंप दमदार आहे. उठली नाही, नवी नळी रिकामी दिसली, तर फीड पंपाची व्हॉल्व्ह किंवा हँड प्रायमरचं (हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) रबर डिझेल धरून ठेवत नाही. फीड पंपाचा दुरुस्तीचा संच स्वस्त मिळतो, मोठ्या पंपाला हात लावायची गरज नाही.

करंजाळीजवळच्या एका वाडीवर मोहाच्या झाडाखाली कमांडर उभी होती. मालकाच्या पुतण्याने आधी नोझल बदलून घेतले होते, पंप नाशिकला नेऊन बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) बसवून आणला होता. तरी रोज सकाळी हवा. "भाऊ, आता पंपच नवा टाकायचा का?" असं त्याने विचारलं. डबा उंचावर लावला, गाडी जेवणाच्या सुट्टीभर एका लयीत चालली. मग मागची नळी हाताने चाचपत गेलो. चेसिसजवळ रबराचा एक तुकडा होता, वरून काळा, धडधाकट. क्लिप सैल करून वाकवला तर क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी आडवी चीर उघडली, कोरडी. तिच्याभोवती डिझेलचा डागसुद्धा नव्हता.

ओढीच्या नळीतली चीर का दिसत नाही

डागसुद्धा नव्हता, याचं कारण समजून घेतलं की या बिघाडातलं बरंचसं गूढ संपतं. फीड पंपाच्या मागे डिझेल दाबाखाली नसतं, ओढीखाली असतं. उसाचा रस पिताना नळीला वर चीर असेल तर रस सांडत नाही, फक्त तोंडात हवा येते, तसंच. इंजिन चालू असताना चिरेतून हवा आत जाते. बंद केल्यावर हवा शिरते आणि नळीतलं डिझेल आपल्या वजनाने टाकीत परत उतरतं. म्हणून "कुठे टपकत नाही, म्हणजे गळती नाही" हा समज चुकीचा आहे.

शोधायचा क्रम असा. आधी रबराच्या सगळ्या नळ्या क्लिपखाली वाकवून बघा, उन्हाने कडक झालेली नळी बदलाच, शंका ठेवू नका. मग बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. ते प्रत्येक वेळी नवे टाका. नवे नसतीलच तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होऊन पुन्हा बसतं. फिल्टरच्या वाटीखालचं रबर, वाटीची मधली बोल्ट, हँड प्रायमरचा दांडा, हे तिसरं. चौथं लोखंडी नळी. ती चेसिसला पकडणाऱ्या पट्ट्यांखाली चिखल साचून गंजते आणि तिथे टाचणीएवढी भोकं पडतात. पट्टी सोडल्याशिवाय ती दिसत नाहीत.

चढाला, तेही अर्ध्या टाकीखालीच बंद पडत असेल तर टाकीच्या आतली ओढीची नळी तपासा. ती वरच्या बाजूला फाटलेली असते. डिझेल भरपूर असताना चीर बुडालेली, म्हणून चालते. डिझेल उतरलं आणि गाडी मान वर करून उभी राहिली की चीर उघडी पडते. सावळघाटाच्या चढाला हे नेमकं कळतं.

डोळ्याने सापडलं नाही तर सायकलच्या पंपाने नळीत अगदी हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगते आणि रबर निसटतात.

नोझलवरची सुती धाग्याची रिटर्न नळीसुद्धा एकदा बदलून टाका. सकाळच्या हवेला ती कधीकधी कारण असते, आणि मीटरभर नळीला फार पैसे पडत नाहीत.

फिल्टर आणि हवा काढणं

दोन्ही फिल्टर नवे टाका, वाट्या आधीच स्वच्छ डिझेलने भरून लावा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा. फेसाळ डिझेल येतं, मग बुडबुडे कमी होतात, मग सलग धार येते. धार चालू असतानाच स्क्रू बंद करा. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलच्या टोकाचे पाइपनट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा आणि ओल दिसली की आवळा.

सैल पाइपमधून येणाऱ्या फवाऱ्याजवळ बोट किंवा तळवा कधीच नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून फक्त टाचणीचं टोक दिसतं, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरची नळी काढून जाड लाकडी फळी हाताशी ठेवा. लायनीच्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) गंजून पूर्ण डिझेलवर अडकलेला असू शकतो. मग इंजिन सुरू होताच रेस चढत जाते आणि चावी काढून काही होत नाही. फळीने हवेचं तोंड दाबलं की ते थांबतं. तिथे हाताचा पंजा किंवा कापड लावू नका, ते आत ओढलं जातं.

पांढरा धूर येतो, पेट घेत नाही

एमएम ५४० मधल्या २११२ सीसीच्या पजो (फ्रेंच कंपनी) परवान्याच्या इंजिनाला हीटरशिवाय थंडीत उठणं कठीण. निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा तर नाहीच. हीटरची जोडपट्टी काढा. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी एकेका हीटरच्या टोकाला लावा. बल्ब पेटला तर हीटरची तार शाबूत, नाही पेटला तर हीटर गेला. नंतरचं २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन बहुधा हीटरविना उठतं.

हवेच्या तोंडात पेट्रोलचा बोळा धरणं किंवा सुरू करायचा स्प्रे मारणं बंद करा. लाल झालेल्या हीटरवर ती वाफ वेळेआधी भडकते. पिस्टन फुटतो, माणूस भाजतो.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

डबा उंचावर असूनही, हवा पूर्ण काढूनही नोझलच्या टोकाला डिझेल येत नसेल तर मोठा पंप उतरवून पंप-नोझलवाल्याच्या बेंचवरच न्यायला हवा. पंप घरी उघडू नका. त्याचे भाग एकमेकांत इतके घट्ट जुळवलेले असतात की धुळीचा कणही चालत नाही, आणि टायमिंग बिघडलं तर इंजिन जातं. पांढरा धूर आहे, हीटर चांगले आहेत, तरी पेट नाही, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. ऑईल दुधाळ, रॅक अडकलेला, दोन दिवस मुरवूनही न फिरणारं इंजिन, ही तिन्ही कामं गॅरेजची. तिथे हट्ट नको.

आणि ब्रेक. इंजिन सुरू झालं की माणसाला गाडी चालवत घरी न्यावीशी वाटते. वर्षानुवर्षं उभ्या जीपचे व्हील सिलिंडर गंजलेले असतात, मास्टर सिलिंडरची रबरं वाळलेली असतात. पायाखाली पेडल कडक लागलं तरी कोटंबी किंवा तोरंगण घाटात दुसऱ्या दाबाला ते जमिनीला टेकू शकतं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३४०९ म्हणजे २००९ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी असं रबर रस्त्यावर न्यायचं नाही. नोंदणीची मुदत आणि विमा संपलेला असतोच. त्यामुळे गाडी सपाट ट्रकवर चढवून आणा, चारही कोपऱ्यांना पट्टे बांधून, गिअरमध्ये ठेवून, चाकांना उटी लावून.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी फिल्टरच्या वाटीचा प्लग सैल करून पाणी सोडा. धुतलेल्या टाकीतूनही उरलेला गाळ हलत राहतो, म्हणून नवे फिल्टर नेहमीच्या मुदतीची वाट न बघता लवकर, साधारण पाचशे किलोमीटरवर पुन्हा बदला. रात्री गाडी उभी करताना टाकी भरलेली ठेवा, म्हणजे दव धरायला जागा राहत नाही.